बांधावरची खुडूक कोंबडी

गावरान अंडं म्हणून जे तुम्ही हौसेनं घरी आणता, ते घालणारी कोंबडी कुणाच्या बांधावर चरली, असं तुम्ही कधी विचारलंय का?

मी विचारते, कारण माझ्या कोंबड्या चरतात तो बांध अर्धा आमचा आणि अर्धा माझ्या काकांचा आहे. राणीसावरगावच्या शिवारात दोघांची रानं लागून आहेत. वडील आणि काका वेगळे निघाले तेव्हा विहिरीच्या पाळ्या ठरल्या, बैल वाटले गेले. बांध मात्र कुणाला वाटता आला नाही, तो दोघांचा राहिला.

कोंबड्यांचं आंबोण मी मडक्यात घालते. ज्वारीची कणी, तुरीची चुनी, वर वाटीभर ताक आणि बुडेल इतकं पाणी. दोन-तीन दिवसांनी मडकं बोलायला लागतं. कान लावला की आत बुडबुडे फुटताना ऐकू येतात, आणि आंबिलीसारखा आंबूस, गोडसर वास अंगणभर फिरतो. बुरशी धरली तर सगळं मातीत पुरायचं. चांगलं निघालं तर ओंजळभरच द्यायचं, म्हणजे कोंबड्या बाकीचं पोट रानात भरतात. त्या बांधावर शिरल्या की गवत त्यांना गिळून टाकतं. मग नुसते लाल तुरे हिरव्यावरून तरंगत जाताना दिसतात. केना, तांदुळजा, घोळ, नाकतोडे... त्यांच्यामागे चालता चालता सकाळ कुठं जाते, कळत नाही.

श्रावणात तांबडी कोंबडी खुराड्यात यायची थांबली. मुंगसानं नेली असं आई म्हणाली. पण एका दुपारी ती अचानक अंगणात आली, पिसं फुलवलेली, आवाज घोगरा. घाईघाईनं आंबोण खाल्लं, पाणी प्यायली आणि निघाली. ती खुडूक झाली होती, कुठंतरी अंड्यांवर बसत होती. मी चप्पल न घालताच तिच्या मागे गेले. ऊन होतं आणि बारीक भुरभूरही होती, दोन्ही एकदम. सोयाबीनवर फुलपाखरं इतकी, की शेतच हळूहळू उडतंय असं वाटत होतं. बाभळीच्या थोडं पुढे तांबडी गवतात शिरली आणि नाहीशी झाली. मी गवत बाजूला केलं. ती अंड्यांवर पसरून बसली होती, माझ्याकडे एका डोळ्यानं बघत. मी गवत पुन्हा होतं तसं केलं.

त्याच संध्याकाळी काकांनी त्यांच्या ओसरीत तणनाशकाचा डबा आणून ठेवला. दुसऱ्या दिवशी बांध फवारून जाळायचा होता.

मी काकांकडे गेले. आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त होती. वडील सभांमधून आणायचे, गुलाबी, पिवळी, पातळ कागदाची. त्यांवरच मी वाचायला शिकले, त्यामुळे बोलायला लागले की माझं भाषणच होतं. गांडुळांपासून विहिरीच्या पाण्यापर्यंत सगळं मी काकांना सांगितलं. कोंबडी आत्ता उठवली तर पुन्हा बसेलच असं नाही, हेही सांगितलं. ते सुपारी कातरत ऐकत होते. त्यांचंही खोटं नव्हतं. बांधावरच्या गवताचं बी सोयाबीनमध्ये पडतं आणि खुरपायला बाई मिळत नाही.

"माय, तुझं पत्रक त्या कोंबडीला वाचून दाखव," ते म्हणाले. "म्हणावं, उद्याच्याला दुसरीकडं बस."

काकू चुलीपाशी होती. तिनं फक्त विचारलं, बाभळीच्या अलीकडं का पलीकडं.

सकाळी काका पंप पाठीवर घेऊन बांधावर आले तेव्हा मी गवतासमोर उभी होते. मागून काकू आली. तिनं खाली बसून गवत सारलं. तांबडी चोच मारायला उठली आणि खालची अंडी दिसली. काही बदामी, काही लांबट आणि जवळजवळ पांढरी.

"आवं," काकू म्हणाली, "यातली निम्मी आपल्या पांढऱ्या कोंबडीची हायेत. घरात एक अंडं न्हाई, अन् तुमी मुंगसाला शिव्या द्यायलाव."

काकांनी वाकून अंडी पाहिली. मग पंपाचा पट्टा खांद्यावर सारखा करत म्हणाले, "बाभळीपास्नं त्या दगडापस्तोर सोडतो. पर गवतानं बी धरलं तर जिम्मेदारी तुझी."

बाकीचा बांध चार-पाच दिवसांत पिवळा पडला, मग तांबूस. त्या सगळ्या काळात मी कोंबड्या कोंडून ठेवल्या. आंबोण वाढवलं, तरी त्या कुडाच्या फटीतून रानाकडे बघत उभ्या राहायच्या. मी त्या सोडलेल्या पट्ट्यात खुरपं घेऊन बसायचे. गाजरगवत फुलायच्या आत उपटायचं, केना ठेवायचा, तांदुळजा ठेवायचा. तांबडीला माझी सवय झाली. कधी कधी आम्ही दोघी नुसत्याच बसायचो, वरून ढग जायचे.

मग एका सकाळी ती गवतातून बाहेर आली आणि तिच्या मागे गवत ठिकठिकाणी हलत आलं. काही अंडी थंडच राहिली. पिल्लं जरा मोठी झाल्यावर काकूनं आपल्या वाट्याची वेचून नेली. कुठली कुणाची हे तिनं कसं ठरवलं, मी विचारलं नाही.

आनंद झाला. पण मला एक गोष्ट अजून टोचते. काकांना मी पटवू शकले नाही. अंडी सगळी बदामी निघाली असती तर तो पट्टाही जळाला असता. आणि प्रत्येक बांधावर शेजाऱ्याची पांढरी कोंबडी अंडी घालायला येणार नाही.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं मागते. रान तुम्ही स्वतः करत असाल किंवा गावाकडे भावाच्या हाती सोपवलं असेल, आजच बोला, फोन करा. यंदा बांधाची एक कड न फवारता ठेवा, ती हातानं निंदा. आणि बाकीचं फवारायचंच असेल तर आदल्या दिवशी शेजारच्या घरी जाऊन सांगा, म्हणजे त्यांना आपल्या कोंबड्या कोंडून ठेवता येतील.