कोठीच्या दाराची कडी

तर काल आपण बन्सी सुताराला मठाच्या कोठीपुढं उकिडवं बसवून ठेवलं होतं. एका हातात पेचकस, दुसऱ्या हातात दाराची आतली कडी. आता त्याला उठवू. काल जे मधूनच उठून गेले त्यांच्यासाठी एवढं सांगितलं म्हणजे पुरे, की हा मठ पाचोडच्या रस्त्याला आहे, कोठी म्हणजे मठाच्या स्वयंपाकघरामागची धान्याची खोली, आणि तिचं सागवानी दार बावीस वर्षांपूर्वी बन्सीनंच केलेलं. मठाचे अध्यक्ष राजकुमार अण्णा यांचा त्या बुधवारी सकाळीच फोन आला होता. देवाच्या धान्याच्या खोलीला आतून कडी असणं बरं नाही, असं कोणा वास्तूवाल्यानं सांगितलंय, तर तेवढी काढून टाका, आणि काढल्याचं दिसता कामा नये.

बन्सीची शाळा चौथीपर्यंत. वास्तूतलं त्याला काही कळत नव्हतं. पण ‘दिसता कामा नये’ हे त्याला नेमकं कळलं, कारण त्याचा सगळा जन्म त्याच कामात गेला होता. दुसरा कोणी असता तर स्क्रूच्या चार भोकांत भुसा आणि सरस कोंबून, वर पॉलिशचा हात मारून जेवायला गेला असता. बन्सीनं सागाच्याच चार बारीक खुंट्या केल्या, लाकडाची रेघ रेघेला जुळवून ठोकल्या, पटाशीनं तासल्या, काचकागद मारला, वर लाखेचं पॉलिश चढवलं. चौकटीतली खाचही तशीच बुजवली. दुपार झाली. मग तो चार पावलं मागं सरकला आणि त्यानं स्वतःच भोकं शोधून पाहिली. त्याला सापडली नाहीत. इतका आनंद त्याला मुलाच्या लग्नातही झाला नव्हता. मुलाच्या लग्नात तर त्यानं अशी थोर खाट केली होती, की ती दारातून आत जाईना. लोक म्हणाले, खाटेचे पाय कापा. बन्सीनं दाराची चौकट काढली, खाट आत घेतली, आणि चौकट पुन्हा बसवली. ती खाट अजून पुंडलिकनगरच्या घरात आहे आणि ते घर विकायचं झालं तर खाटेसकट विकावं लागेल.

असा माणूस. कडी त्यानं रुमालात गुंडाळून घरी आणली आणि हत्यारांच्या पेटीत टाकली. चांगलं पितळ टाकून देणं त्याला जमत नसे.

आता त्या दिवशी त्याला जे कोणी सांगितलं नव्हतं, ते असं. आदल्या दिवशी, म्हणजे मंगळवारी, मठाच्या स्वयंपाकीण दगडाबाई यांची लेक करुणा पीठ आणायला कोठीत गेली होती. तिच्यामागं विश्वजीत महाराज गेले. मठाचे महाराज म्हणजे तेच. दार आतून बंद झालं. करुणा ओरडली. दगडाबाईनं लाटणं टाकून दारावर धडका दिल्या. दार उघडायला किती वेळ लागला ते दगडाबाईनं नंतर फक्त पोलिसांना सांगितलं. करुणेच्या हातातल्या बांगड्या कोठीतच राहिल्या, फुटक्या. संध्याकाळी मायलेकी ठाण्यात गेल्या आणि ‘महाराजांनी आतून कडी लावली’ असं त्यांनी लिहून दिलं.

महाराजांनी त्याच संध्याकाळपासून मौन धरलं. एकवीस दिवसांचं अनुष्ठान म्हणे. मौनात ते पाटीवर लिहून चहा मागवत, साखर कमी असल्याचंही लिहीत. पण पोलिसांनी काही विचारलं की पाटीवर जागा पुरत नसे.

गुरुवारी एक हवालदार येऊन दार बघून गेला. शनिवारी दुपारी बन्सीची नात श्रेया मोबाइलवर बातमी वाचून दाखवत होती. मठाच्या विश्वस्तांचं म्हणणं त्यात आलं होतं. कोठीच्या दाराला आतून कडीच नाही, तेव्हा तक्रार खोटी आहे. दार जुनं असून ओलीनं फुगलेलं आहे, त्यामुळं ते अडकलं, आणि मुलगी विनाकारण घाबरली.

बन्सी ताडकन उठला. फुगलेलं म्हणजे काय? बावीस वर्षांत त्या दारानं चौकटीला अंग घासलेलं नाही. खुशाल पाण्याच्या टाकीत बुडवा म्हणावं. तो बराच वेळ लाकडाबद्दल बोलला. कोणत्या रानातलं होतं, किती वर्षं वाळवलं होतं. श्रेयानं ते सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं,

“आजोबा, दाराचं सोडा. त्याला आतून कडी होती का?”

“होती की. मीच तर काढली.”

“कधी?”

“बुधवारी.”

 श्रेयानं मोबाइल पालथा ठेवला. बन्सीनं बोटांवर वार मोजले, मंगळवार, बुधवार, गुरुवार, आणि बोटं तशीच धरून तो खाली बसला.

तुम्ही म्हणाल, आता हा उठून ठाण्यात जाईल. पण चाळीस वर्षं मठात गेलेला माणूस आधी मठातच जातो. बन्सी रविवारी बसनं मठात गेला आणि राजकुमार अण्णांना म्हणाला की पेपरवाल्यांची काहीतरी चूक झालीय, कडी होती, तुम्ही सांगितलं म्हणून मीच काढली, तेवढं पोलिसांना कळवून टाका. अण्णांनी त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. त्यांचे डोळे भरून आले. तुमच्यासारखा निर्मळ माणूस मठाला मिळाला हे मठाचं भाग्य, असं ते म्हणाले. त्यांनी शाल आणि नारळ मागवला आणि तिथल्या तिथं बन्सीचा सत्कार केला. मग म्हणाले, मंगळवारपासून सप्ताह बसतोय. शुक्रवारी सकाळी आठ ते दहा वीणेचा पहारा तुमचा.

हे ऐकून बन्सी पोलिसांचं विसरला. खोटं कशाला बोला, विसरलाच.

कारण वीणेचं प्रकरण साधं नाही. सप्ताहात सात दिवस, सात रात्री वीणा जमिनीला टेकत नाही. दोन-दोन तासांचे पहारे असतात. वीणेकऱ्यानं ती गळ्यात घालून उभं राहायचं, तार छेडायची आणि ‘राम कृष्ण हरी’ म्हणत राहायचं. दुसरा शब्द बोलायचा नाही. पुढच्या माणसानं येऊन पायाला हात लावला, वीणा आपल्या गळ्यात घेतली, की सुटका. तो आला नाही तर सुटका नाही. मंडपात येणारा कोणीही असो, आधी वीणेकऱ्याच्या पाया पडतो. महाराजही पडतात. त्याच्या गळ्यातून वीणा ओढून घ्यायची मात्र कोणाची छाती नाही. या मठाच्या वीणेचा भोपळा दोनदा तडकला होता, दोन्ही वेळा बन्सीनं सांधला. खुंट्या त्यानं बदलल्या. दर वेळी काम झालं की वीणा गळ्यात घालून, बरोबर वाजते का ते बघायचा, आणि काढून परत द्यायचा. पहाऱ्याच्या यादीत चाळीस वर्षांत त्याचं नाव आलं नव्हतं. यादी ठरलेल्या घरांची.

घरी येऊन त्यानं श्रेयाला शाल दाखवली. शुक्रवारीच पोलीस शेवटचा पंचनामा करायला येणार आहेत, त्या दिवशी काही निघालं नाही तर करुणेची तक्रार खोटी ठरवून बंद करणार, हे श्रेयानं दगडाबाईला गाठून विचारून घेतलं होतं. ते तिनं सांगितलं. बन्सी म्हणाला, बरंच झालं, मी तिथंच असणार, पहारा उतरला की सांगतो.

“आणि ते आधीच निघून गेले तर?”

“दोन तासांचा तर पहारा, बाई.”

शुक्रवारी बरोबर आठला वीणा त्याच्या गळ्यात आली. आधीच्या पहाऱ्याच्या माणसाच्या पाया पडताना त्याचे गुडघे कडाकडा वाजले आणि समोरच्या माइकमधून गावभर ऐकू गेले. पहिला तास कसा गेला ते त्याला कळलं नाही. बायामाणसं येत होती, पाया पडत होती. चाळीस वर्षांत ज्यांनी त्याला ‘ए बन्सी’ म्हटलं ते लोक त्याच्या अंगठ्याला कपाळ टेकवत होते. मौनातले विश्वजीत महाराज आले, त्यांनीही टेकवलं. बन्सीनं त्यांच्या टाळूकडं बघितलं आणि ‘राम कृष्ण हरी’ म्हटलं.

दहाचा पहारा कचरू मास्तरांचा. दहा वाजले. कचरू मास्तर मंडपातच होते, लांबच्या खांबाला टेकून बसलेले, आणि त्यांच्याशेजारी त्यांच्या खांद्यावर हात टाकून राजकुमार अण्णा. बन्सीनं मास्तरांकडं बघितलं. मास्तरांनी टाळ उलटा करून त्याची दोरी तपासली. सव्वादहाला पुन्हा बघितलं. मास्तर दोरीच तपासत होते. खुंट्याला जनावर बांधतात तसं आपल्याला या वीणेला बांधून ठेवलंय, हे बन्सीला साडेदहाला कळलं. पोलीस जाईपर्यंत कोणी येणार नव्हतं, आणि त्यानं ती खाली ठेवली असती तर सप्ताह मोडल्याचं पाप सात गावांनी त्याच्या नावावर लावलं असतं.

अकरा वाजता करुणा आली. पंचनाम्याला हजर राहा असं तिला सांगितलं होतं. मंडपात तिला कोणी बोलावलं नाही. चपला काढतात तिथं ती आईबरोबर उभी राहिली, पदर दोन्ही हातांनी घट्ट धरून. येणारे-जाणारे तिला वळसा घालून चपला काढत होते. एक बाई तर आपल्या चपला उचलून दुसरीकडं ठेवायला गेली. करुणेनं एकदा आत बघितलं. बन्सीच्या तोंडातलं नाव क्षणभर थांबलं, पण बोट तारेवर फिरत राहिलं.

साडेअकराला जीप आली. फौजदार विशाखा मॅडम उतरल्या, दोन पंच घेऊन थेट कोठीकडं गेल्या. दार उघडलं, लावलं, आतून हात फिरवला, टॉर्च मारला. काही दिसेना. दिसणार कसं, काम कोणाचं होतं? राजकुमार अण्णा मागं हात बांधून उभे होते. मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं, टोपण लावलं आणि त्या जीपकडं निघाल्या.

इथं अण्णांना सवय नडली. माणूस मठाच्या आवारात आला आणि वीणेचं दर्शन न घेता गेला, असं त्यांच्या तीस वर्षांच्या अध्यक्षपदात झालं नव्हतं. त्यांच्या तोंडून निघून गेलं की मॅडम, तेवढं वीणेचं दर्शन घ्या आणि मग चहा. मॅडम शहरातल्या, घरी बुद्धवंदना. त्यांना इथला रिवाज ठाऊक नव्हता. पण म्हाताऱ्या माणसांचा मान त्यांना ठाऊक होता. त्यांनी बूट काढले, टोपी काखेत घेतली आणि बन्सीपुढं येऊन हात जोडले. तेव्हा त्यांना त्याचे गुडघे थरथरताना दिसले.

“किती वेळ झाला बाबांना उभं राहून?” त्यांनी विचारलं.

बन्सीच्या वतीनं अण्णा बोलले. पहाऱ्यात बोलत नसतात मॅडम, सेवा आहे. आणि पाहुण्यापुढं आपल्या माणसाचं कौतुक करायची त्यांना दुसरी सवय होती. “आमच्या मठाचे सुतार हे. पंचक्रोशीत असा हात नाय. इथलं सगळं लाकूडकाम त्यांचंच.”

“सगळं?” मॅडम म्हणाल्या. “कोठीचं दारसुद्धा?”

 कचरू मास्तरांच्या हातातली टाळाची दोरी सुटली. मॅडमनी पुन्हा टोपण काढलं.

“बाबा, त्या दाराला आतून कडी होती का?”

अण्णा पुढं झाले. बन्सीला थांबवायचं तर वीणा त्याच्या गळ्यातून घ्यायला हवी होती, आणि ती घेतली तर बन्सी मोकळा होऊन मॅडमबरोबर दारापर्यंत चालत गेला असता. नाही घेतली तर तो माइकपुढं उभाच होता. अण्णांचे हात दोनदा वर गेले आणि दोनदा खाली आले. शेवटी ते अगदी हळू, घरातल्यासारखं म्हणाले, “बन्सीभाऊ, चाळीस वर्षांनी वीणा गळ्यात आलीय. ती असताना काहून बोलायलेत?”

बन्सीनं तार छेडायची थांबवली. चपलांपाशी उभ्या करुणेकडं बघितलं, मग अण्णांकडं, मग मॅडमकडं.

“वीणा गळ्यात हाय म्हणूनच बोलायलोय, अण्णा, एरवी तुमच्यापुढं माझी जीभ उचलत नाय. ताईसाहेब, कडी होती. मीच बसवली, मागल्या आठवड्यात मंगळवारी ह्या लेकीवर बेतलं त्याच्या दुसऱ्या दिवशी अण्णांच्या सांगण्यावरून मीच काढली, आन् भोकंबी मीच बुजवली. काम लई साफ झालंय, तुम्हाला दिसायचं नाय, म्हणून सांगतो. खालून सहा वीत वर, काचेच्या तुकड्यानं पॉलिश खरवडा, ओलं फडकं फिरवा, चार टिकल्या उमटतील. कडी माझ्या घरी पेटीत हाय, नात काढून देईल. आन् दार फुगलेलं नाय, तेबी लिहून घ्या. आता कोणाला वीणा घ्यायची आसंल तर या, नसंल तर मी हाय उभा.”