हॅटची मुंज

दुपारचं जेवून हेरंब दातार आडवा होतो तो धुसफुसतच. आमटी अळणी होती म्हणून चिडलोय, असं तो शैलाला सांगतो. आमटी अळणी नव्हती हे शैलाला माहीत आहे, पण ती वाद घालत नाही. त्याचा राग आहे सुधन्वा वझेवर, आणि वझेला जाऊन आज पंधरा दिवस झाले. गेलेल्या माणसावर रागवायचं म्हणजे मोठी पंचाईत असते. त्याच्या दारात जाऊन चार शब्द सुनवावेत, तर तेही जमत नाही.

पंखा गरगरतो आहे. पडदा ओढलेला आहे, तरी सांगलीचं ऊन फटीतून आत येऊन पलंगाच्या कडेवर बसलं आहे. साडेपाचला शाळेच्या सभागृहात वझेची शोकसभा. त्या शाळेत वझेने तीस वर्षं गणित शिकवलं, आणि हेरंब त्याचा सगळ्यात जुना मित्र, म्हणून मुख्य भाषण हेरंबचं. भाषण तयार आहे. दोन फुलस्केप कागद, घडी घालून सदऱ्याच्या खिशात. 'मनमिळाऊ स्वभाव', 'कर्तव्यदक्ष शिक्षक', 'कधीही न भरून येणारी पोकळी', सगळं जिथल्या तिथे. दुसऱ्या पानावर मात्र एक ओळ हातून निसटून गेली होती : 'मला त्याचा भयंकर राग आला आहे.' ती त्याने ताबडतोब खोडली. शोकसभेत असलं बोलत नाहीत.

"अहो, झोपण्याआधी कानावरचे केस तेवढे कापून घ्या," शैला दारातून म्हणते. "स्टेजवर बसायचंय. कात्री स्वयंपाकघरात खिळ्याला आहे."

"हं," म्हणून हेरंब कूस बदलतो. कूस बदलल्यावर समोर टेबल येतं आणि टेबलावरची कापडी पिशवी. सकाळी निलूवहिनींनी, म्हणजे वझेच्या बायकोने, ती पाठवून दिली. सोबत चिठ्ठी नाही, निरोप नाही. आत काय आहे हे न बघताही त्याला कळलं, आणि त्याने पिशवीवर कालचा पेपर पसरला. आत हॅट आहे. वझेच्या आजोबांची काळी फेल्ट हॅट.

त्या हॅटची गोष्ट सांगायला हवी. सत्त्याऐंशी साली वझेच्या मँचेस्टरच्या आत्याने एक कॅसेट पाठवली. तिथल्या टीव्हीवरचा जुना विनोदी कार्यक्रम, छोटे छोटे प्रसंग. टाय लावलेली माणसं कमालीच्या गंभीर चेहऱ्याने वाटेल ते करायची आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटायचं नाही. हेरंब आणि वझे तेव्हा पंचविशीतले. एक विमा कंपनीत चिकटलेला, दुसरा शाळेत. आयुष्यात त्यांना जे जे अतिगंभीरपणे सांगण्यात आलं होतं, ते सगळं असंच आहे की काय, असा संशय त्यांना आधीपासून होताच. सातासमुद्रापलीकडच्या पाच-सहा माणसांनाही तोच संशय आहे हे बघून ते हसून हसून जमिनीवर लोळले.

त्यातला एक प्रसंग न्हाव्याचा. एक साहेब दुकानात येतो, हॅट काढून खुर्चीवर ठेवतो आणि स्वतः बाजूला उभा राहतो. "मागून बारीक, वरून थोडे." न्हावी हॅटला कापड गुंडाळतो, कात्री चालवतो, हॅटशी हवापाण्याच्या गप्पा मारतो. मागून आरसा धरून हॅटला दाखवतो. मग वस्तरा उघडतो आणि एकदम सनई! पाट, हळदीकुंकू, आणि सोवळं नेसलेल्या एका मुलाच्या डोक्यावर वस्तरा फिरवणारा न्हावी.

"वा!" वझे ओरडला होता. "गोऱ्यांनी मुंज घातली मध्ये! काय डोकं आहे लेकाचं!"

आठवडाभर दोघे त्या कल्पनेवर फिदा होते. मग कळलं, की वझेच्या काकाने कोरी समजून ती कॅसेट चुलतभावाच्या मुंजीत शूटिंगवाल्याला दिली होती. खरा शेवट पुसला गेला होता. तरी त्यांनी गणपतीत कॉलनीच्या स्टेजवर तो प्रसंग बसवला तो मुंजीसकट. हॅटला सोवळं, हॅटला मंगलाष्टकं, शेवटी हॅटची भिक्षावळ. पहिल्या वर्षी कुणी हसलं नाही. दामलेआजींनी तर हात जोडून हॅटमध्ये खरोखरचा लाडू घातला. दुसऱ्या वर्षी लोक घरून अक्षता घेऊन आले. त्याच रात्री मांडवाच्या मागे दोघांचं ठरलं : जो मागे राहील त्याने दुसऱ्याच्या शोकसभेत हॅटची मुंज लावायची. हातावर हात मारून ठरलं.

ठरलं तर ठरलं, हेरंब मनात म्हणतो. तू तरी काय काय पाळलंस? पापण्या जड होतात. पंख्याची गरगर बारीक होत जाते, तिची कचकच होते, कात्रीसारखी कचकच.

"ऊठ," कुणीतरी म्हणतं. "ती खुर्ची हॅटची आहे."

हेरंब न्हाव्याच्या खुर्चीत बसलेला आहे. समोर आरसा, आरशाखाली फणी, पावडरचा डबा आणि दहावी ब ची हजेरी. मागे वझे उभा. अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट, कोपराला खडूची पूड, आणि डोक्यावर सगळे केस, दाट, कानांवर आलेले.

"केस आले की तुझे," हेरंब म्हणतो.

"तिकडे लवकर येतात."

हे ऐकून हेरंबचं डोकं भडकतं. खुर्चीतून तो उठतो तो दवाखान्याच्या बाकड्यावरून उठतो. लांबलचक ओसरी, भिंतीला टेकून बसलेली माणसं, प्रत्येकाच्या मांडीवर आपापली हॅट. वझेच्या हातात नंबराचा कागद आहे.

"तिरुपतीला गेलो होतो म्हणालास!" हेरंब ओरडतो. "देवाला केस दिले म्हणालास! मी विचारलं, वझ्या, तू आणि तिरुपती? तर म्हणालास, निलूचा नवस. लाडू दिलास मला प्रसादाचा!"

"इथलाच होता. गणपती पेठेतून आणला."

"मी डोळ्यांना लावून खाल्ला तो! तुझ्या टकलावर टिचक्या मारल्या मी, दर बुधवारी भेटलो की! हॅट चढवली त्या डोक्यावर. आणि तू आठ महिने इथे येऊन केमोच्या सुया टोचून घेत होतास, आणि मी टिचक्या मारत होतो!"

बाकड्यांवरच्या हॅटा वळून बघतात. वझे नंबराच्या कागदाची नीट घडी घालतो. वर्गात पोरं गोंधळ घालत असली की तो असाच थांबायचा.

"ओरडून झालं?"

"नाही झालं."

"मग ओरड. पण ऐक. घरात त्या डोक्याकडे कुणी बघायचं नाही. निलू बोलताना माझ्या शर्टाच्या बटणांकडे बघायची. लेक पुण्याहून यायची ती टीव्हीकडे बघून रडायची. आठ महिन्यांत त्या डोक्याला कुणी टिचकी मारली असेल तर ती तू."

"मला माहीत नव्हतं म्हणून!"

"माहीत असतं तर मारली असतीस?"

हेरंबने नसती मारली. वाळल्या तोंडाने समोर बसला असता, मोसंबी घेऊन गेला असता, काळजी घे म्हणाला असता. हे त्याला ठाऊक आहे, आणि त्यामुळे तो आणखीच भडकतो.

"ते ठरवणारा तू कोण? मला निरोप घ्यायचा होता, वझ्या. शेवटच्या बुधवारी मी तुझ्याशी काय बोललो ठाऊक आहे? नळाच्या वॉशरबद्दल बोललो. वीस मिनिटं!"

"पंचवीस. चांगला झाला होता तो विषय."

"हसू नकोस!"

"मी कुठे हसतोय? आपल्यात हसणारा नापास असतो."

हे मात्र खरं. तालमीत जो आधी हसेल त्याने चहा करायचा, असा नियमच होता. वझेचा चेहरा आताही तसाच आहे, तारीख सांगणाऱ्या कारकुनासारखा. ओसरी नाही, बाकडी नाहीत. शाळेचं सभागृह भरलेलं आहे, भिंतीवर वझेचा हार घातलेला फोटो, आणि स्टेजच्या मधोमध न्हाव्याची खुर्ची. वझे हेरंबच्या खिशात हात घालून भाषण काढतो, कागद उलगडतो, खुर्चीवर बसवतो आणि त्यांच्या गळ्याभोवती पांढरं कापड गुंडाळतो.

"काय, ऊन फार वाढलंय नाही यंदा?" तो भाषणाला विचारतो. कात्री चालू होते. "मनमिळाऊ! अरे, उपमुख्याध्यापकांशी मी सोळा वर्षं बोललो नाही. मनमिळाऊ म्हणे!" कचकच. "कर्तव्यदक्ष. हे सगळ्यांनाच लावतात, चपराश्यापासून चेअरमनपर्यंत." कचकच. "पोकळी! दातऱ्या, लाज वाटली नाही पोकळी लिहिताना? हॅटला पोकळी असते. माणूस गेला की काय पोकळी?"

"मग काय लिहू? तुझं ते पोरकट सोंग करू? लोक काय म्हणतील?"

"पहिल्या वर्षी काय म्हणाले होते?"

"काही नाही म्हणाले. गप्प बसले."

"मग सवय आहे आपल्याला."

तो कागदाला मागून आरसा धरतो. हेरंब मध्ये घुसून त्याचं मनगट पकडतो. मनगट गरम आहे, खडूने खरखरीत.

"एक सांग. आता तरी सांग. तिकडे कळलं असेल तुला. त्या न्हाव्याने वस्तरा उघडल्यावर खरं काय होतं? शेवट काय होता?"

वझे पहिल्यांदाच जरा विचारात पडतो.

"शेवट नव्हताच," तो म्हणतो. "चौकशी केली मी. त्यांना शेवट सुचला नाही की ते तिथेच सोडून पुढच्या गोष्टीला लागायचे. खुशाल. आठवतं ना, म्हणून तर आवडायचे ते आपल्याला."

"म्हणून तूही मध्येच सोडून गेलास?"

ही आरोळी सभागृहाच्या पत्र्याला जाऊन थडकते. माणसं माना वळवतात. हार घातलेल्या फोटोतला वझेही बघतो. स्टेजवरचा वझे कात्री हातात धरून नुसता उभा आहे, आणि त्याचे डोळे भरले आहेत. नापास झालास, असं हेरंबला म्हणायचं असतं. म्हणवत नाही.

"त्यांच्याकडे शेवट नव्हता," वझे हळू बोलतो. "पण आपल्याकडे मुंज होती ना, दातऱ्या."

सनई वाजते. कुणीतरी दोघांच्या मधे अंतरपाट धरतं, पांढरा, कुंकवाचं स्वस्तिक काढलेला. पलीकडून कात्रीची शेवटची कचकच ऐकू येते. दामलेआजी कुठूनशा मंगलाष्टकं म्हणू लागतात, भलत्याच चालीत. हेरंबच्या मुठीत अक्षता आहेत.

"वझ्या, माझा राग गेलेला नाही!" तो अंतरपाटावरून ओरडतो.

"ठेवलाय तो," पलीकडून आवाज येतो. "बाकी सगळं काढलं."

सावधान होतं, अंतरपाट खाली पडतो. पलीकडे कुणी नसतं.

"अहो, साडेचार झाले. चहा." शैला कप घेऊन उभी आहे आणि कपाळाला आठ्या घालून चादरीकडे बघते आहे. "हे काय केलंत? एवढे कपटे कसले?"

हेरंब उठून बसतो. चादरीवर, उशीवर, त्याच्या खांद्यांवर कागदाचे बारीक बारीक कपटे पडले आहेत, केस कापल्यासारखे. एका कपट्यावर 'मनमि' दिसतं, एकावर 'पोक'. तो सदऱ्याचा खिसा चाचपतो. आत बोटभर रुंदीची, लांब एकच पट्टी आहे. मुंजीत शेंडी राखतात तशी राखलेली. तिच्यावर एकच ओळ आहे, त्याच्याच अक्षरात, त्यानेच खोडलेली, तरी स्वच्छ वाचता येणारी : 'मला त्याचा भयंकर राग आला आहे.'

तो अनवाणी स्वयंपाकघरात जातो. कात्री खिळ्याला आहे, शैलाने लावली होती तशी.

परत येऊन तो पेपर बाजूला करतो, पिशवीतून हॅट काढतो. आतल्या पट्टीला घामाचा जुना वास आहे. कागदाची शेंडी तो हॅटच्या फितीत मागच्या बाजूने खोचतो. चांगली लोंबते. डोळे पुसायला त्याला मुद्दाम थांबावं लागतं आणि त्याचाही त्याला संताप येतो.

"भाषण कुठाय तुमचं?" शैला विचारते.

"हे काय. आहे." तो हॅट डोक्यावर नीट बसवतो. "मूठभर तांदूळ घे आणि कुंकू लावून दे पटकन."

"अक्षता? शोकसभेला?"

"शोकसभा त्यांची," हेरंब चपला शोधत म्हणतो. "आमची मुंज आहे."