दुसरा नमुना घेतला का?

आदरणीय यशवंतराव भारंबे साहेबांची आणि माझी पहिली भेट विटांच्या ढिगाशेजारी झाली. भुसावळहून येऊन मी पेपर मिलच्या बांधकाम विभागात नुकताच चिकटलो होतो. सिमेंट, वाळू, विटा तपासायच्या खोलीची किल्ली हाती आली आणि मला जरा जास्तच जोर चढला. एका भट्टीवरून विटांचा ट्रक आला, यंत्राच्या दाबाखाली पहिलीच वीट फुटली आणि मी लाल शाईने 'नापास' लिहून मोकळा झालो. साहेब विभागाचे प्रमुख. त्यांनी कागद पाहिला आणि आवाज न चढवता विचारले, "दुसरा नमुना घेतला का? ज्याचा माल आहे, त्याला बोलावलं का?"

भट्टीवाल्याला बोलावणे गेले. साहेबांनी त्याच्याच हाताने ढिगातून विटा काढवल्या आणि त्याच्यासमोर तपासल्या. त्याही फुटल्या, ट्रक परत गेला. मी तोऱ्यात म्हणालो, "साहेब, मी तर आधीच लिहिलं होतं." साहेब म्हणाले, "हो. पण आता त्यालाही पटलं ना." त्यानंतर त्यांच्या निवृत्तीपर्यंत मी त्यांच्याच हाताखाली काम केले.

लग्नानंतर बुधवारा मोहल्ल्यात बिऱ्हाड थाटले, तेव्हा माझ्या पत्नीला गावात कोणी ओळखीचे नव्हते. पहिल्याच रविवारी साहेब आणि काकू स्कूटरवरून आले. दोघांच्या मध्ये दापोऱ्याच्या त्यांच्या शेतातला केळीचा घड होता, आणि काकू जेमतेम टेकल्या होत्या. तेव्हापासून दर हंगामात पहिला घड आमच्याकडे यायचा. माझ्या मुली त्या केळीवर वाढल्या असे म्हटले तरी चालेल.

आता ज्यासाठी लेखणी हाती घेतली, तिकडे वळतो. गौरवग्रंथात असले काही लिहीत नाहीत हे मला ठाऊक आहे, पण ते टाळून साहेबांवर लिहिणे मला जमणार नाही.

चार-पाच वर्षांपूर्वी शहरालगतच्या एका वस्तीत पाण्याची उंच टाकी बांधली गेली. पाणी चढण्याआधीच तिच्या खांबांना तडे गेले, आणि खाली अगदी लागून अंगणवाडी. टाकी बांधणाऱ्या खात्यानेच चौकशी केली आणि तडे वरच्या गिलाव्याचे आहेत असे सांगून टाकले. त्यावर लोकांचा काडीचा विश्वास बसला नाही. खाणारे तेच, आणि तपासणारेही तेच, असे जो तो बोलू लागला. मोर्चे निघाले. शेवटी दोन अधिकारी आणि बाहेरचा एक जाणकार अशी तिघांची स्वतंत्र समिती नेमायला सरकार तयार झाले. आमच्या नागरिक समितीचा निमंत्रक मी होतो. बाहेरचा जाणकार म्हणून साहेबांचे नाव मीच सुचवले.

अहवाल येईपर्यंत बाहेर बोलायचे नाही, असे समितीवर बंधन होते. साहेबांनी ते इतके पाळले की लोक चिडू लागले. सत्ताधारी म्हणायचे, हा विरोधकांचा माणूस. विरोधकांनी सभेला बोलावले, साहेब गेले नाहीत, तेव्हा तेही बिथरले. अशात एका दुपारी सत्ताधारी पक्षाच्या नेत्यांची पांढरी गाडी साहेबांच्या फाटकासमोर तासभर उभी राहिली. संध्याकाळी बुधवाऱ्यातल्या चहाच्या टपरीवर निकाल लागलासुद्धा.

"सेटिंग झाली भाऊ! गाडी खुद घरी आली होती."

"टाकी पास समजा आता. अन् नाव कोनी दिलं होतं? यांनीच ना!"

पहिले दोन दिवस मी साहेबांची बाजू घेऊन भांडलो. तिसऱ्या दिवशी माझीच जीभ जड झाली. खरे सांगायचे तर मला साहेबांपेक्षा माझ्या नावाची काळजी पडली होती. त्याच आठवड्यात शेतावरचा सालदार पहिला घड घेऊन दारात उभा राहिला. मी त्याला आतही घेतले नाही. "साहेबांना सांगा, आमच्याकडं केळी आहेत," म्हणालो आणि घड परत पाठवला. पत्नी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

अहवाल वाचायचा दिवस उजाडला. सभागृहाबाहेर पोलिसांचा बंदोबस्त, दोन्ही पक्षांची माणसे समोरासमोर, मध्ये आम्ही. साहेब रिक्षातून उतरताच घोषणा सुरू झाल्या, "बिक गया! बिक गया!" मी ओरडलो नाही. पण पहिल्या रांगेत उभा असूनही कोणाला थांबवले नाही. साहेबांनी माझ्याकडे पाहिले, चष्मा सारखा केला आणि ते आत गेले.

आधी दोन अधिकाऱ्यांचे मत वाचले गेले. टाकी सुरक्षित आहे, पाणी भरायला हरकत नाही. सभागृहात असा गदारोळ उठला की खुर्च्या उडणार असे वाटले. मग साहेबांचे वेगळे मत वाचले गेले. खांब कमकुवत आहेत, दुसऱ्यांदा नमुने काढून ठेकेदारासमोर तपासले आहेत, टाकीत एक थेंबही भरू नये. क्षणभराने मघाचीच माणसे तितक्याच मोठ्याने साहेबांचा जयजयकार करू लागली. कोणी त्यांना खांद्यावर घ्यायला धावले. साहेबांनी हात झटकला. "आधी अंगणवाडी हलवा," म्हणाले.

पांढरी गाडी आली त्या दुपारी घरात काय घडले ते मला पुढे काकूंनी सांगितले. "नेते बोलले, सूनबाईची शाळेतली नोकरी पक्की करून देतो. हे म्हणाले, टाकी भरा, अन् त्या दिवशी तुम्ही अन् मी दोघं खाली खुर्च्या टाकून बसू. सही तिथंच करतो. चहा बी पुरा नाही पिला त्यांनी, उठले." सूनबाईंची कंत्राटी नोकरी त्या वर्षी पुढे चालू राहिली नाही. साहेबांनी त्याचा कुठे उच्चार केला नाही.

प्रकरण कोर्टात आहे. दोन्ही पक्ष आपापले खरे म्हणतात. टाकी रिकामी उभी आहे आणि मुले दुसरीकडे बसतात. मात्र तेव्हापासून माझ्या दारी घड आला नाही, आणि मागायला मला तोंड नव्हते.

अमृतमहोत्सवी ग्रंथाचे ठरले, तेव्हा पहिला लेख मीच लिहावा असे साहेबांनी सुचवल्याचे कळले. मी घाबरतच त्यांच्याकडे गेलो. म्हणालो, "साहेब, मी कशाला? मी तुमच्यावर शंका घेतली होती."

"शंकेचं वाईट नाही वाटलं," साहेब म्हणाले. "तपासणाऱ्यानं शंका घेतलीच पाहिजे. पण तुम्ही एकाच नमुन्यावर नापास लिहून मोकळे झाले. ज्याचा माल, त्याला बोलावलंसुद्धा नाही."

माझ्या डोळ्यांत पाणी आले. मी माफी मागितली, जी खूप आधी मागायला हवी होती. साहेब हसून म्हणाले, "यंदा केळी चांगली आहे. घड पाठवू, का परत येईल?"

साहेब, पाठवू नका. मीच दापोऱ्याला येईन, यंदा आणि पुढची पुष्कळ वर्षे. दर वेळी बागेत आपणच पुढे चालत असावे आणि पहिला घड आपल्याच हाताने उतरवून द्यावा, एवढे ठणठणीत आणि दीर्घ आयुष्य आपल्याला लाभो.