दिवेकाकांची दुरुस्ती

दिवेकाका शारजात बावीस वर्षं राहिले, पण गांजाचं नाव त्यांनी कधी तोंडातून काढलं नाही. जुन्या बायका नवऱ्याला म्हणत, तसे ते त्या झाडाला आदराने ‘ते’ म्हणायचे. का, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं, “इथे भिंतींना कान आहेत आणि मला व्हिसा.”

काका पिकांचे शास्त्रज्ञ. कंपनीत बंद खोलीतली भाजी वाढवायची आणि घरी तुळशीच्या कुंडीवर अतिनील दिवा लावून तिचा वास वाढतो का ते हुंगत बसायचं, हा त्यांचा दिनक्रम. माझ्या कॉलेजच्या अहवालाचा विषय नेमका हाच होता, की अतिनील किरणांनी गांजातली नशेची द्रव्यं वाढतात का. त्यामुळे मी शेजारून रोज त्यांच्याकडे. “अगं, उन्हात जाताना तू सनस्क्रीन लावतेस ना? तेही लावतात. फुलांवरचा तो नशेचा चिकट थर म्हणजे त्यांचं सनस्क्रीन.” आतून काकू ओरडायच्या, “अहो, हळू बोला!”

खिडकीतला जांभळा उजेड कुणाला तरी खुपला. एका संध्याकाळी दारात दोन पोलीस. त्यातल्या साहेबांनी विचारलं, “ये कौनसा पौधा है?” ‘तुलसी’ एवढं सांगून गप्प बसतील तर ते काका कसले! “साहब, ये गांजा नहीं है. गांजा होता तो इस लाइट से नशा और बढ़ता!”

“काका, प्लीज, स्टॉप!” मी किंचाळले. इतक्या वर्षांचं मौन सुटलं तेही पोलिसांसमोर. साहेबांनी ते वाक्य शांतपणे लिहून घेतलं. कुंडी तपासणीला गेली, सोबत काकांचा पासपोर्टही. नोकरी, घर, सगळंच टांगणीला लागलं. काकूंनी देव पाण्यात ठेवले.

आठवड्याने निकाल आला. तुळस तुळसच निघाली. मीच दोघांना गाडीतून पोलीस स्टेशनला नेलं. साहेबांनी पासपोर्ट हातात दिला. “खलास. यल्ला, घर जाओ.”

मी दारापर्यंत पोचलेसुद्धा. काका मागे वळले. घरी बसून त्यांनी आठवडाभर नवे प्रयोग वाचून काढले होते.

“साहब, एक करेक्शन है. मैंने ग़लत बताया था. नए प्रयोगों में नशा बढ़ा नहीं, पत्ते जल गए.”

काकूंनी डोळे मिटून घेतले. मला तर काकांचा गळाच धरावासा वाटला.

“आपसे किसी ने पूछा?” साहेब म्हणाले.

“नहीं साहब. लेकिन मेरे नाम से आपके काग़ज़ पर ग़लत लिखा है.”

साहेबांनी तो कागद मागवला. मग काकांना खुर्ची दिली आणि ती ओळ त्यांच्यासमोर दुरुस्त केली. चहाही पाजला. परतताना गाडीत काका मला म्हणाले, “तुझ्या अहवालात काय लिहिलंयस गं?” मी ‘वाढतात’ असं ठोकून दिलं होतं. ती पानं मला पुन्हा लिहावी लागली.

गेल्या वर्षी काका निवृत्त झाले. इथे नोकरी संपली की व्हिसा संपतो, तसे ते नाशिकला गेले. मी आता एका प्रयोगशाळेत आहे. एखादी चूक फक्त मलाच दिसलेली असते, ती हळूच झाकता आली असती, आणि मी निमूटपणे उठून माझ्या साहेबांच्या खोलीचं दार ठोठावते. अशा वेळी मला काकांचा भयंकर राग येतो.