ठंडाईनंतर हे आले

आमच्या शेजारी कापसाच्या व्यापाऱ्याचं कुटुंब नव्यानं राहायला आलं, त्या वर्षीची महाशिवरात्र. माझी सगळी उमर सिंदीत गेली, पण त्यांच्या घरची रीत मला ठाऊक नव्हती. ठंडाईच्या ज्या ग्लासवर बेलाचं पान, त्यात भांग. ज्यावर गुलाबाची पाकळी, तो साधा. शेजारीणभाभींनी ताट पुढे केलं. बेलाचं पान पाहून मी म्हटलं, हा शंकराचा प्रसाद. प्रसादाला नाही म्हणायची आमच्याकडे सोय नाही. सकाळपासून उपास, त्यात ऊन. एक ग्लास संपवला, चवीला बरा लागला म्हणून दुसराही घेतला. भाभी माझ्याकडे फार आदरानं बघत होत्या. मला वाटलं, शिक्षिकेचा मान ठेवताहेत.

घरी येऊन तास-दीड तास झाला असेल. समोरच्या खोलीत गेले, तर पलंगाच्या कडेला हे बसलेले. खाली पेपर पसरून पायाची नखं कापत होते. ह्यांना जाऊन तेव्हा अकरा महिने झाले होते.

तीस वर्षं विज्ञान शिकवलं. भूत म्हणजे मनाचा खेळ, हे किती वर्गांना सांगितलं असेल. मला भीती वाटायला हवी होती, पण आला तो राग. पलंगावर बसून नखं कापू नका, म्हणून मी जन्मभर कानीकपाळी ओरडले होते. राग ओसरल्यावर मास्तरीण जागी झाली. खिडकीतून ऊन येत होतं, म्हणून सावली पडते का ते वाकून पाहिलं. चांगली ठळक पडली होती.

"पंखा कमी कर," हे म्हणाले. "पेपर उडून राह्यला."

मी उठले. चार पावलांवरचं बटण काही केल्या हाताला येईना. मी चालत राहिले, भिंत मागे सरत राहिली, आणि शेवटी खाली बसून मी खो खो हसत सुटले. माझं हसणं ऐकून संध्याकाळी भाभी लिंबूपाणी घेऊन धावत आल्या.

"अवो मॅडम, पान नाई पाह्यलं का तुम्ही? मले वाटलं, मॅडम तर मोठ्या शौकीन हायेत!"

त्या गेल्यावर मी टॉर्च घेऊन पलंगाखाली नखं शोधली. नव्हती. पण मन काही मानेना. सावली पडते, आवाज तोच, पंख्याची तक्रारही तीच. मग नुसता भास कशावरून? वर्षभर हा किडा डोक्यात वळवळत राहिला. शेवटी एक कसोटी सुचली. ह्यांना असं काही विचारायचं, ज्याचं उत्तर मला माहीतच नाही.

तसा माझ्याकडे एकच प्रश्न होता. हे गेले तेव्हा मी नागपूरला बोर्डाचे पेपर तपासत होते. त्या दिवशी घरी आलेल्या धाकट्या दिरानं ह्यांना गाडीत घालून वर्ध्याच्या दवाखान्याकडे नेलं, आणि वाटेत केळझरच्या पुढे सगळं संपलं. मला फोन आला तो त्यानंतर. शेवटच्या अर्ध्या तासात हे शुद्धीवर होते, बोलत होते, असं कोणीतरी तेराव्याला बोलून गेलं. मग मला एक फोन लावायला दिराचा हात मोडला होता का? तेव्हापासून मी त्याच्याशी कामापुरतं बोलत होते. त्याच्या घरी पाणीसुद्धा घेतलं नव्हतं.

पुढच्या महाशिवरात्रीला मी भाभींकडून बेलाच्या पानाचा ग्लास मागून घेतला. भांगेत विसरायला होतं म्हणून, कॉपी करणाऱ्या पोरासारखा प्रश्न तळहातावर लिहून ठेवला होता. वयाला शोभत नव्हतं, पण उत्सुकता भारी पडली.

हे आले. या वेळी स्वयंपाकघराच्या दारात, बनियनवर. मी तळहात वाचून विचारलं, "शेवटी काय बोलले तुम्ही?"

"तुले बोलाव म्हणून राह्यलो होतो," हे म्हणाले. "धाकट्यानं आयकलंच नाई."

मी खूप रडले. खरं सांगते, त्या रडण्यात दुःखाइतकाच विजयही होता.

दुसऱ्या दिवशी डोकं ताळ्यावर आलं तसं वाटलं, हे वाक्य आपलंच आहे. बहिणीजवळ मी ते शंभरदा बोलले होते, याच शब्दांत. मग ह्यांनी मला नवीन काय सांगितलं? पण खरंच तसं झालं असेल तर? पडताळा घेतल्याशिवाय निष्कर्ष काढायचा नाही, हे मीच शिकवत आले. आणि पडताळा घ्यायला त्या गाडीत बसलेला एकच माणूस होता.

बस धरून जामला गेले. चौरस्त्यावर दिराचं टायरचं दुकान आहे. मला पाहून तो हातातलं काम टाकून उठला, खुर्ची पुसून दिली. भांगेचं काही न सांगता मी सरळ विचारलं, "तुझे दादा शेवटी काय बोलले?"

त्यानं फडक्याला हात पुसले.

"मी फोन काढला होता, वहिनी. दादानं माह्या हातातून घेतला. म्हणे, तिले नोको लावू. पेपर तपासून राह्यली असन. घाबरन, न् कोण्या लेकराचे मार्क हुकन."

हे मी कुठेच ऐकलेलं नव्हतं. माझ्या डोक्यातून ते कधी आलंच नसतं, आणि तरी ते ऐकताक्षणी मी ह्यांना ओळखलं. दोन वर्षं ज्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या, त्याच्यासमोर मान वर करायची लाज वाटली.

"मग हे मले सांगितलं काऊन नाई?"

"तुम्ही इचारलं का कधी, वहिनी?" तो म्हणाला, आणि पोऱ्याची वाट न पाहता स्वतःच चहा सांगायला गेला.