सुमनताईंनी लाइन धरून ठेवली

सुमनताईंची आणि माझी ओळख भांडणातून झाली. शिरड शहापूरला स्टँडसमोर त्यांचा एसटीडी बूथ नवाच निघाला होता. मी बाजाराला शेळ्या घेऊन आलेली. काचेच्या खोलीत शिरून वसमतला दिलेल्या माझ्या लेकीला, गंगाला, फोन लावला. बाहेर आले तर ताई माझ्याकडेच बघून राहिलेल्या.

"तुमी दुसऱ्याचं ऐकता काय हो?"

"ऐकते. तुझ्या आवाजापुढं काच काय करील? पलीकडचा टेम्पोवालाही ऐकून राहिला."

मी दुसरीपर्यंत शिकले. ताईंना साठ वर्षं झाली, त्यांच्यावर निघणाऱ्या अंकात तू लिहिलंच पाहिजे, असं गावच्या बायांनी धरलं म्हणून लिहिते. गोड लिहिणं मला जमत नाही.

ताई ऐकत, पण ऐकलेलं बाहेर जात नसे. माझ्या जावेने एकदा त्यांना विचारलं, "ती फोनवर काहून रडत व्हती?" ताई म्हणाल्या, "लाइनीत खरखर होती बाई, काही कळलं नाही." त्या दिवसापासून माझा विश्वास बसला.

गंगाला सासरी तकलीफ होती. घरात फोन होता, पण ती बोलायला लागली की सासू अंगाला चिकटून उभी. मग ताईंनीच युक्ती काढली. बाजाराच्या दिवशी दुपारी मी बूथवर बसायचं. गंगाने एक घंटी देऊन फोन ठेवला तर सगळं ठीक. ठेवून लगेच पुन्हा दिली तर, आई, न्यायला ये. बोलणंच नाही, तर सासू ऐकणार काय? मला वाटलं, यापेक्षा पक्कं गुपित जगात नाही.

एका बाजारी घंटी थांबून पुन्हा वाजली. शेळ्या माझ्या भावाच्या हवाली करून मी वसमतची एसटी धरली आणि त्या घरात शिरून नाही नाही ते बोलले. गंगा भांबावली. "आई, म्या फोन केलाच न्हाई!" सासूने घंटीचं सगळं बराबर काढून घेतलं, फोनला कुलूप घातलं आणि मला हाकललं. मागून कळलं, हिंगोलीचा कोणी हळदवाला लाइन तुटते म्हणून बूथवर पुन्हा पुन्हा फोन लावत होता.

मी ताईंवर ओरडले, "तुमच्या युक्तीनं पोरगी अजूनच कोंडली!"

ताई गिऱ्हाइकांदेखत म्हणाल्या, "चुकलं माझं. घंटी कोण वाजवतंय, हे मी ध्यानातच घेतलं नाही."

मग त्यांनी स्वतः तिथे फोन लावला. सासू म्हणाली, झोपलीय. "उठवा. मी लाइन धरून आहे." मीटर पळत होतं, बाहेर लोक खोळंबले होते, ताई हलल्या नाहीत. गंगा आली तसं त्यांनी काचेचं दार उघडं टाकलं. "गंगा, तुला माहेरी यायचंय का? सासूबाई ऐकताहेत, ऐकू देत. इथंही सगळे ऐकतायत. मोठ्यानं सांग." आणि रिसीव्हर माझ्या कानाला लावला.

मग माझं लेकरू असं ओरडलं की दाराबाहेरही ऐकू गेलं, "व्हय, मला न्या!"

ताई माझ्याबरोबर वसमतला आल्या. एवढ्या लोकांनी ऐकलेलं त्या घराला गिळता आलं नाही. गंगा घरी आली.

तेव्हापासून माझं डोकं चालत नाही. जावेपासून झाकलं तेही बरं झालं, सासूपुढे उघडं केलं तेही बरं झालं. मग माणसाने करावं काय? आता पुतण्या मोबाईल दाखवून सांगतो, "काकू, मेसेज कुलूपबंद जातो, मधी कोणीच वाचत न्हाई." असेल बाबा. पण पलीकडे मोबाईल कोणाच्या हातात आहे, ते कुलूप सांगतं का? पोरगी स्वतः लिहिते की कोणी मनगट धरून लिहून घेतं? पुतण्या हसतो. ताईंना विचारलं, तर म्हणाल्या, "मलाही नाही उमजत गं. मेसेज आला की एकदा आवाज ऐकून घ्यावा."

गंगा आता औंढ्याला शिलाईचं दुकान चालवते. तिचा मोबाईल उघडायचा आकडा ती मलाही सांगत नाही. मला राग येतो. ताई म्हणतात, "तिचं आहे, राहू दे." मग राहू देते.

हे छापायच्या आधी मी गंगाला विचारलं. ती म्हणाली, "ताईंसाठी असंल तर माझं नाव घाल." घातलं. ताईंना भरपूर वर्षं मिळोत, त्यांचे गुडघे चालते राहोत, आणि आमच्या पोरींना काय पाहिजे ते विचारायला त्यांचा आवाज असाच खणखणीत राहो.