लाल पाइप, निळा पाइप

हसायचं तर खुशाल हसा, पण हा किस्सा कुरुंदवाडात कुणाला सांगायला जाऊ नका. तिथं माझी सासरवाडी आहे, आणि तिथल्या पोराटोरांना तो माझ्यापेक्षा चांगला सांगता येतो.

मी शिवाजी पेठेत लग्नपत्रिका छापतो. मोटारीशी माझा संबंध एवढाच, की वराच्या नावाखाली कधीमधी ‘ऑटोमोबाईल इंजिनिअर’ छापावं लागतं. पण माझा मेहुणा अभय शेती सांभाळून गाड्यांच्या शर्यतीत उतरतो. त्यानं एक जुनी छोटी गाडी घेतली, इंजिनाला टर्बो बसवला, टाकीत दणकट पंप टाकला. आणि एका रविवारी जेवता जेवता त्यानं मलाच विचारलं, “दाजी, बॉनेटखाली पेट्रोलचा पाइप कुठला घालू? साधा रबरी घातलाय, पण प्रेशरनं फुगतोय.”

आता मला सांगा, सासरवाडीत, भरल्या ताटावर, सासऱ्यांच्या समोर कुठला जावई ‘मला माहीत नाही’ म्हणेल?

“बघतो की,” म्हटलं. “हलगर्जीपणाचं काम न्हाय ते.”

आणि बघितलं बरं का. पत्रिका छापायच्या सोडून मोबाईलवर व्हिडिओ बघत बसलो. रबर, नायलॉन, स्टील, टेफलॉन. पंधरवड्यात मी एवढा तयार झालो, की चहाच्या गाड्यावर लोक मला बघून दुसऱ्या बाकावर जायला लागले. “पेट्रोलात आता इथेनॉल असतंय,” मी सांगायचो. “म्हणजे आपल्याच उसाचा रस आपल्याच गाडीचा पाइप खातोय.” शेवटी निकाल दिला. बाहेरून स्टीलची जाळी, आतून टेफलॉन. त्याला तोड नाही.

“तुम्ही म्हणाल तोच घालू,” अभय म्हणाला. “पण शर्यत जवळ आलीय. तुम्हीच घेऊन या.”

मी बाजारात गेलो. एका दुकानाच्या दारातच चांदीसारखे चमकणारे जाळीचे पाइप टांगलेले होते. पाटीवर ‘पाइप व फिटिंग्ज’. अजून काय पाहिजे माणसाला?

“या पावणं,” दुकानदार म्हणाला. “काय देऊ?”

“स्टीलच्या जाळीचा पाइप. प्रेशर लई हाय.”

“टाकी कुठं हाय?”

“मागं.”

“आणि पंप?”

“टाकीतच बुडालेला.”

“मग जोरात येत आसंल की.”

“लई जोरात. साधा पाइप पार फुगला.”

“फुगणारच. नवीन काम हाय का जुनं?”

“वरनं जुनंच हाय, पण आतनं सगळं नवीन केलंय.”

“झ्याक केलं,” म्हणत त्यानं पाइप काढला. मी म्हटलं, “टेफलॉन पायजे बरं का.” तो म्हणाला, “देतो की,” आणि पांढऱ्या टेफलॉन टेपचं एक रीळ पिशवीत टाकलं. मला वाटलं, सांध्यांना लावायला जादाचं देतोय. भला माणूस.

मग त्यानं विचारलं, “लाल देऊ का निळा?” जाळीत एकाला लाल धागा होता, एकाला निळा.

“फरक काय?”

“लाल गरमला, निळा गारला.”

मी मनातल्या मनात त्याला नमस्कार केला. टाकीतून येणारं पेट्रोल गार, इंजिनाजवळून परत टाकीकडं जाणारं गरम. किती बारकाईनं विचार करतात बघा कंपन्या. “दोन्ही द्या,” म्हटलं.

टोकाचे नट अभयच्या गाडीला बसेनात. ते आम्ही कापून टाकले आणि क्लिपा आवळल्या. फोटो काढून अभयनं शर्यतीतल्या मित्रांना पाठवला, खाली लिहिलं, ‘दाजींची निवड’. गडहिंग्लजच्या दोघांनी लगेच दुकानाचा पत्ता मागितला. मी तो मोठ्या मनानं दिला.

शर्यत गडहिंग्लजच्या बाहेर एका माळावर होती. सासरचं सगळं घर टेंपोतून आलं होतं. गाडीजवळ येताच बायको म्हणाली, “अहो, पेट्रोलचा वास येतोय.”

“शर्यतीची गाडी आहे,” मी म्हणालो. “अत्तराचा येणार का?”

शर्यतीआधी प्रत्येक गाडीची तपासणी असते. तपासायला एक इंजिनिअर बाई होत्या. त्यांनी बॉनेट उघडलं, वाकून बघितलं आणि ताड्दिशी म्हणाल्या, “इंजिन बंद करा. आधी बंद करा.” मग विचारलं, “हा पाइप कुणी निवडला?”

“आमच्या दाजींनी,” अभय अभिमानानं म्हणाला.

मी पुढं झालो. स्टील सांगितलं, टेफलॉन सांगितलं, आणि शेवटी लाल-निळ्याचं रहस्यही सांगितलं. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“दाजी,” त्या म्हणाल्या, “गरम आणि गार म्हणजे आंघोळीचं पाणी. हा गीझरचा पाइप आहे. माझ्याही बाथरूममध्ये आहे. ह्याच्या आतलं रबर पाण्यासाठी असतं. पेट्रोलनं ते फुगून मऊ पडलंय, आणि क्लिपेतनं थेंब गळतोय. खाली बघा, तापलेला सायलेन्सरचा पाइप.”

मी खाली बघितलं. थेंब त्या पाइपापासून चार बोटांवर पडत होता. थोड्या वेळानं त्या गाडीत अभय बसणार होता, आणि त्याची आई टेंपोत डबा उघडून त्याची वाट बघत होती.

बाई पुढच्या गाडीकडं गेल्या. तिथंही लाल-निळा. त्याच्या पुढच्या गाडीतही लाल-निळा. मग माइकवरून घोषणा झाली, “ज्यांच्या गाडीला दाजींचा पाइप आहे, त्यांनी कृपया गाडी ढकलत बाजूला घ्यावी. कुणीही इंजिन चालू करू नये.” अख्खा माळ हसला. सासरे उठले आणि टेंपोच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसले.

सांगलीच्या एका स्पर्धकानं त्याच्याकडचा जादा पाइप दिला, खरा टेफलॉनचा, नीट फिटिंगसकट. अभय सगळ्यात शेवटी पळाला. नंबर काही आला नाही. पण गाडी आणि मेहुणा, दोन्ही धड परत आले. मला तेवढंच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी तणतणत त्या दुकानात गेलो आणि गाडीतून काढलेल्या पाइपांची पिशवी काउंटरवर आपटली.

दुकानदारानं आत डोकावून कपाळाला हात लावला. “तुम्हीबी गाडीलाच घातला? सकाळी गडहिंग्लजची दोघं येऊन भांडून गेली. कोण दाजी हाय म्हणं, त्यानं सांगितलं. तुम्हालाबी त्यानंच सांगितलं का?”

मी जरा विचार केला.

“व्हय,” म्हटलं. “त्यानंच.”

“पावणं, मोठा भाऊ म्हणून सांगतो,” तो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “त्या माणसाचा नाद सोडा.”

“सोडला असता हो,” मी म्हणालो, “पण एकाच घरात राहतोय.”